आज वाढणं बंद

हिंगोली, ता. १५ नोव्हेंबर १९३६

तुमचं कार्ड आत्याबाईंच्या नावानं आलं. तुमच्या आईला वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ते मलाच वाचून दाखवावं लागणार हेही ठाऊक असणार. तरी त्यात माझं नाव कुठंच नाही. असो. आत्याबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "लिही त्याला." म्हणून लिहिते आहे. नाहीतर हातातलं काम टाकून पत्रं लिहीत बसायची मला हौस नाही.

तुम्ही अकोल्याला कापसाच्या प्रेसमध्ये लागलात आणि तब्येत ठीक आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. दोन वर्षांनी का होईना, कळलं.

तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. स्टेशनाजवळ चाँद पाशाचं चहाचं हॉटेल आहे ना, त्याला लागून दोन खणांची जागा रिकामी होती. तिथं आम्ही सासूसुनांनी खाणावळ घातली आहे. आत्याबाई चुलीपुढं, मी वाढायला. घरातल्या बायकांनी परक्या माणसांना वाढावं हे शोभतं का, असं तुम्ही विचारता. रेल्वे इथं संपते. उतरलेल्या माणसाला भूक लागते. पुढं बाशीमला जाणाऱ्या मोटारीला वेळ असतो. आत्याबाईंच्या हाताला चव आहे. एवढं सगळं जमून आलं, मग शोभण्याचा विचार करायला कुणाला सवड होती? आणि घरात तुम्ही नव्हता.

वाढण्याचा मला त्रास नाही. त्रास आहे तो माणसांच्या जेवण्याचा. माणूस घरी कसा जेवतो ते त्याच्या बायकोला ठाऊक असतं, आणि ती ते झाकून ठेवते. इथं ते सगळं माझ्यापुढं उघडं येतं.

रामकिशन म्हणून एक मुकादम आहे, कापसाच्या वखारीवरचा. आडवा माणूस, मिशा ताकात बुडतात. तो वरणाचा भुरका मारतो तेव्हा चाँद पाशाकडचं गिऱ्हाईक मान वळवून इकडं बघतं. तोंडात घास असताना बोलतो. बोलता बोलता शेजारच्याच्या ताटातला कांदा उचलून खातो, आणि तो कांदा आपला नव्हता हे त्याला मुळी कळतच नाही. चूळ अशी भरतो की पायरीवर उभ्या असलेल्या सगळ्यांचे पाय धुतले जातात. दुसरा एक बैलांचा व्यापारी आहे, त्याला बैलांच्या हगवणीवरचे उपाय नेमके भातावर वरण पडलं की आठवतात. तिसरे एक म्हातारे गृहस्थ भाकरी मांडीखाली लपवतात आणि "मला वाढलीच नाही" म्हणून पुन्हा मागतात.

या सगळ्यांत संतराम बसतात. वकिलाचे कारकून आहेत, स्वच्छ धोतर, मोजकं बोलणं. ते धोतर गुडघ्याखाली आवरून, अंग चोरून जेवतात आणि हात धुतला की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच मला म्हणतात, "मंजुळाबाई, त्या मुकादमांना जरा सांगता का?" मी म्हणते, शेजारी तुम्ही बसता, तुम्हीच सांगा. तर म्हणतात, आपण कसं बोलावं, बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी हजर. मला रामकिशनच्या भुरक्याचा आला नाही तेवढा कंटाळा या माणसाच्या कुजबुजण्याचा आला आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. उजव्या हातावर वरण सांडून जरा भाजलं. काळजीचं काही नाही. आत्याबाईंचे गुडघे थंडीनं दुखतात, तेवढं सोडलं तर त्या बऱ्या आहेत.

मंजुळा


हिंगोली, ता. ६ डिसेंबर १९३६

तुमचं पत्र पोचलं. खाणावळीत नियमांची पाटी लावा, असा तुम्ही सल्ला दिलात. तुम्हाला सगळं सोपं दिसतं. तरी लावली. संतरामांनीच सुंदर अक्षरात लिहून दिली: जेवताना मोठ्यानं आवाज करू नये, दुसऱ्याच्या ताटाला हात लावू नये, चूळ मोरीत भरावी, पाटाशेजारी थुंकू नये.

पाटी कुणी वाचली नाही. निम्म्यांना वाचता येत नाही आणि उरलेल्यांना ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. रामकिशननं संतरामांकडून ती मोठ्यानं वाचून घेतली, मान डोलावली आणि म्हणाला, "बराबर लिवलंय. आजकाल मान्सांना जेवायची रीतच राह्यली न्हाई." असं म्हणताना त्याचा हात संतरामांच्या ठेच्यात होता.

मग मी ठरवलं की तोंडावर सांगायचं. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्याला थांबवून म्हटलं, "मुकादम, भुरका मारत जाऊ नका. लोकांना शिसारी येते." तो रागवेल असं वाटलं होतं. तो हिरमुसला. म्हणाला, "वैनी, माय आंधळी व्हती माही. म्या भुरका मारला का तिला कळायचं, पोरगं जेवून राह्यलं. मंग ती जेवायची."

मी भांडी उचलायला लागले. म्हणजे सांगायला गेले ती मीच वाईट. दुसऱ्या दिवशी त्यानं आवाज न करता जेवायचा प्रयत्न केला, ठसका लागून डोळ्यांत पाणी आणलं, आणि समोरच्या माणसाच्या सदऱ्यावर वरण उडवलं. मी म्हटलं, मारा बाबा भुरके.

मग बसवण्याची रीत बदलून पाहिली. आवाज करणाऱ्यांना एका भिंतीला, बाकीच्यांना दुसऱ्या. तर आवाज करणारे एकमेकांना ऐकून आणखी चेकाळले. बैलवाल्याला म्हाताऱ्यांशेजारी बसवलं, म्हटलं यांना कमी ऐकू येतं. तर तो जास्त मोठ्यानं सांगायला लागला. शेजारची गौसिया, चाँद पाशाची बायको, हे सगळं परसातल्या कुडावरून बघते आणि पोट धरून हसते. तिच्या हॉटेलात माणसं फक्त चहा पितात. तिला हसायला काय जातं.

पण हे सगळं चालायचं. यांचा राग येतो आणि भांडी घासून होईतो जातो. एक माणूस मात्र तसा नाही. रामसिंग नावाचा जमादार आहे, दारूच्या ठेकेदारानं नेमलेला. चोरून दारू गाळणारे पकडायचं त्याचं काम. गावोगाव त्याला लोक भितात, कारण तो म्हणेल त्याच्या घरात दारू निघते. तो दसऱ्यापासून जेवायला येतो. पायातले बूट काढत नाही. बसलेल्याला उठवून भिंतीकडचा पाट घेतो. पहिलं वाढप त्याला पाहिजे. मला "ए" म्हणून हाक मारतो. मी वाढायला वाकले की काही बोलतो, ते मी लिहिणार नाही.

संतराम त्याची तक्रार करत नाहीत. दाराशी येऊन एकदाही कुजबुजले नाहीत. यावरून काय ते समजा.

आत्याबाई विचारतात, अंगावर घ्यायला धडसं पांघरूण आहे का तुम्हाला.

मंजुळा


हिंगोली, ता. ३ जानेवारी १९३७

हात बरा झाला का असं तुम्ही विचारलंत. माझ्याबद्दल काही विचारायची ही तुमची पहिली वेळ, म्हणून खरं लिहिते.

वरण सांडलं नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी मी आधी त्या भाकरी लपवणाऱ्या म्हाताऱ्यांना वाढलं आणि मग रामसिंगकडे आले. त्यानं कढत वरणाची वाटी तशीच माझ्या हातावर भिरकावली. पंगत भरलेली होती. सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. कुणी उठलं नाही. मी वाटी उचलली, फरशी पुसली आणि त्याला दुसरी वाटी वाढली. आत्याबाई आतून बघत होत्या. रात्री हाताला खोबरेल लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "तू ओरडली बी न्हाईस." अशा वेळी न ओरडण्याचा मला सराव आहे, हे त्यांना माहीत आहे आणि तुम्हालाही.

आता परवाचं सांगते. आठवडी बाजार होता. माझ्या माहेरचे, डोंगरकड्याचे एक म्हातारे, देवला त्यांचं नाव, हळद विकायला आले होते. मला लहानपणी खांद्यावर घेऊन नदी ओलांडून देणारा माणूस. पंगतीत बसायला लाजत होते, मीच आग्रहानं बसवलं. पहिला घास घेतला असेल नसेल, रामसिंग आला. त्याला तो पाट पाहिजे होता. देवलाकाकांना लगबगीनं उठता येईना. त्यानं बुटानं त्यांचं ताट सरकवलं. वाढलेलं ताट, बुटानं. भाकरी फरशीवर गेली.

देवलाकाकांनी हात जोडले आणि त्याला म्हणाले, "चुकलं मालक."

माझ्या हातात वरणाची पळी होती. काय केलं पाहिजे हे मी ठरवलं नव्हतं. मी आत गेले, पळी पातेल्यात ठेवली, पातेल्यावर झाकण टाकलं, भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "आज वाढणं बंद."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हा माणूस या पंगतीत बसलेला असेतो एकालाही वाढणार नाही. ज्यांच्या ताटात आहे त्यांनी संपवा, पुढचं मिळणार नाही.

तुम्हाला वाटेल की लोक माझ्या बाजूनं उठले. तसं काही झालं नाही. चिडले ते माझ्यावरच. बैलवाला म्हणाला, आमची मोटार जाईल. भाकरी लपवणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, हा काय तमाशा. एक जण म्हणाला, "आमी काय केलं? आमच्या पोटावर काहून पाय देता?" मी म्हटलं, "ताटाला बूट लागला तवा तुमी इथंच व्हतात ना?" संतराम रिकाम्या ताटात बोटानं रेघा ओढत होते. रामसिंग त्याच पाटावर बसून, एक रिकामं ताट पुढं ओढून भिंतीला टेकून हसत होता. म्हणाला, "देखते हैं, कब तक नहीं परोसती."

लोकांनी आणखी थोडा वेळ कुरकुर केली असती तर मी वाढलं असतं. हे मी आत्याबाईंनाही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात रामकिशननं उरलेल्या वरणाचा भुरका मारला. त्या शांततेत तो केवढा मोठा ऐकू आला. त्यानं पाचही बोटं चाटली, गुडघ्यावर हात टेकून उठला, रामसिंगपुढं मांडलेलं रिकामं ताट आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि सरळ बाहेर गेला. रस्त्याच्या कडेला, बैलगाड्या सोडतात तिथं एका दगडावर ते नीट मांडलं. परत दारात येऊन म्हणाला, "जमादार, तुमचं पान भाईर मांडलंय. बुटासगट बसा."

एक जण हसला. मग बैलवाला उठून उभा राहिला, मग आणखी दोघं. मारामारी झाली नाही. सगळे नुसते उभे राहिले. रामसिंगनं सगळ्यांची तोंडं बघून ठेवली, मला एक शिवी दिली आणि गेला.

मी देवलाकाकांना नवं ताट वाढलं. त्यांच्यानं काही खाववेना. रामकिशननं हात धुतला आणि नेहमीसारखी चूळ भरून सगळ्यांचे पाय भिजवले. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

मंजुळा


हिंगोली, ता. २४ जानेवारी १९३७

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. बाईमाणसानं असल्या लोकांशी वैर घेऊ नये, हात जोडून मिटवायचं, आता तो सूड घेईल, तेव्हा त्याच्या घरी जाऊन माफी मागून यावी, असं तुम्ही लिहिता. अकोल्यात बसून तुम्ही मला माफी मागायला पाठवता. हे पत्र मी आत्याबाईंना अर्धंच वाचून दाखवलं. पुढं काय लिहिलंय असं त्यांनी विचारलं, तर म्हटलं, थंडी फार आहे असं लिहिलंय.

एक गोष्ट मात्र तुमची खरी झाली. तो आला.

त्याआधी तो चाँद पाशाकडे जाऊन बसला होता. आमच्या दारावर डोळा ठेवायला ती जागा सोयीची. चाँद पाशानं त्याच्यापुढं चहा ठेवलाच नाही. रामसिंगनं दोनदा मागितला, तेव्हा तो म्हणाला, "पहले बाई के यहाँ माफी माँग के आओ, फिर चाय." गौसियानं मला हे कुडावरून सांगितलं. चाँद पाशा एरवी फार बोलणारा माणूस नाही. त्याला हॉटेल चालवायचं आहे, पोरंबाळं आहेत. मी त्याला म्हटलं, भाई, तुम्ही उगाच तकलीफ ओढवून घेतलीत. तर म्हणाला, माझ्याही कपबशा लोकांच्या पायाजवळच असतात.

चार दिवस गेले. मग भर दुपारी, पंगत बसलेली असताना रामसिंग दोन माणसं घेऊन दारात उभा. उन्हात जाडा कोट घातलेला. म्हणाला, या घरात मोहाची दारू लपवली आहे अशी खबर आहे, झडती घ्यायची आहे. आत्याबाईंनी ऐकलं आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मांडी घालून बसल्या. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर मांडी घालत नाहीत, पण त्या दिवशी घातली. म्हणाल्या, "माह्या अंगावरून जा."

त्यांना तो हातानं ओढणार हे मला दिसत होतं. दारू निघाली की खाणावळ बंद, आणि नुसती बंद नाही. दोन बाया दारू विकतात म्हणून गावात तोंड दाखवायला जागा नाही. पंगतीत सगळे पुन्हा आपापल्या ताटात बघायला लागले होते. मला वाटलं, संपलं आता.

तेव्हा संतराम उठले. हात उष्टा, धोतर एका हातात धरलेलं. आवाज असा कापत होता की पहिले शब्द कळलेच नाहीत. मग ते म्हणाले, "झडती घ्या, न्हाई कोण म्हणतं? पण पंच पाहिजेत. आणि आत जाणाऱ्याची झडती आधी. तुमची, तुमच्या माणसांची. या कोटाची."

रामसिंग त्यांच्यावर धावून गेला, तू कोण म्हणून. संतराम मागं सरले, भिंतीला लागले, पण बोलायचे थांबले नाहीत. म्हणाले, मी कोर्टात रोज हेच लिहितो, पंचांशिवाय घेतलेली झडती तिथं टिकत नाही, आणि आज इथं पाहणारी पंचवीस माणसं आहेत.

पंच कोण होणार, असा प्रश्न आला. चाँद पाशा खांद्यावरचा रुमाल झटकत दारातून आत आला. रामकिशन उठला आणि वरणानं भरलेले दोन्ही हात पुढं करून रामसिंगकडे निघाला. म्हणाला, "आना इकडं, म्या बघतो कोट." ते हात रामसिंगनं झिडकारले, तो मागं सरकला, दाराच्या चौकटीवर आपटला, आणि त्याच्या कोटात काचेचा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. पाठोपाठ वास आला. त्याच्याबरोबरचा एक माणूस तेवढ्यात कुठं गेला ते कळलंच नाही.

रामसिंग ओल्या कोटानं स्टेशनाकडे चालत गेला. कुणी त्याच्या मागं गेलं नाही. सगळे पुन्हा जेवायला बसले, कारण भाकरी निवत होत्या.

संतरामांना मात्र जेवता येईना. आत्याबाई उंबऱ्यातून कशाबशा उठल्या आणि त्यांच्या भातावर आपल्या हातानं तूप सोडलं. कुणाला न मागता तूप वाढताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

तुम्हाला वाटेल की संतराम आता बदलले असतील. दुसऱ्या दिवशी हात धुऊन दाराशी आले आणि कुजबुजले, "मंजुळाबाई, त्या मुकादमांच्या चुळीचं काहीतरी करा." मी कपाळावर हात मारून घेतला. काल जमादाराला कायदा सांगणारा माणूस आज रामकिशनला चूळ मोरीत भर म्हणून सांगू शकत नाही.

माफी मागायला मी कुठं जाणार नाही, हे तुम्ही समजून घ्या.

मंजुळा


हिंगोली, ता. १४ फेब्रुवारी १९३७

या वेळी पाकिटावर माझं नाव आहे. पोस्टमनानं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा मला क्षणभर दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

तुम्ही येणार म्हणता. प्रेसमधला हंगाम संपत आला, आता परत कशाला जायचं, इथली खाणावळ ताब्यात घेतो, असं लिहिलंत. पुरुष पुढं बसला म्हणजे असले जमादार पायरी चढणार नाहीत, मंजुळेनं आत चुलीपाशी राहावं, वाढायला माणूस ठेवू, आणि त्या गलिच्छ मुकादमाला पहिल्याच दिवशी बाहेर काढू, असंही लिहिलंत.

रामसिंगची काळजी सोडा. कोटाची गोष्ट ठेकेदाराच्या कानावर गेली आणि त्यानं त्याला इथून हलवलं. कुठल्या गावाला ते माहीत नाही. त्या गावातल्या लोकांची मला दया येते.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना या वेळी सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं त्या रडतील, देवापुढं साखर ठेवतील. एकुलता मुलगा परत येतो आहे. त्या तांदूळ निवडत होत्या, ते निवडत राहिल्या. सूप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "म्या त्याला जलम दिला, खानावळ न्हाई दिली. जेवाया ये म्हणावं. राह्यचं काय ते तू ठरव."

आणि मग त्यांनी ती गोष्ट काढली, जी आम्ही दोघी तुम्ही गेल्यापासून एकदाही बोललो नव्हतो. पोळ्याच्या दिवशी तुमच्या मित्रांसमोर तुम्ही पुरणाचं ताट भिंतीवर फेकलंत, वेलची कमी पडली म्हणून. ते त्यांनी फडक्यानं पुसून घेतलं होतं. मी तुमच्या मित्रांना वाढत राहिले होते. त्या मला म्हणाल्या, "तवाच म्या झाकण टाकाया पायजे व्हतं. ते मला सुचलं न्हाई." मी म्हटलं, मलाही सुचलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेले तांदूळ निवडले.

तुम्ही येऊ नये असं मला वाटत नाही. हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण खोटं लिहून काय मिळवायचं? पहिलं वर्षभर, तुम्ही गेलात ती बाशीमची मोटार आली की मी काहीतरी निमित्त काढून दाराशी जात होते. गौसियाला ते ठाऊक आहे. पुढं गिऱ्हाईक वाढलं आणि दाराशी जायला सवड राहिली नाही.

तर आता माझं ऐका. आलात तर पहिल्यानं धर्मशाळेत उतरा. संतराम तिथली खोली बघून देतील, मी त्यांना विचारलं आहे. दोन्ही वेळा इथं जेवायला या, बाकीचे येतात तसे. भिंतीकडचा पाट कुणासाठी राखलेला नाही, रिकामा दिसेल तिथं बसायचं. वाढायला मीच असेन. मी चुलीपाशी जाणार नाही. धुरानं मला खोकला येतो आणि आत्याबाईंसारखं वरण मला जमत नाही. तुमच्या शेजारी रामकिशन बसला तर तुमच्या ताटातला कांदा जाईल. त्यावर काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. संतरामांसारखं माझ्या दाराशी येऊन कुजबुजू नका, आणि मुकादमाला बाहेर काढायचं मनात आणू नका.

असं किती दिवस, ते मी आज सांगू शकत नाही. तुम्ही जेवाल, मी बघेन. हे तुम्हाला अपमानाचं वाटत असेल तर अकोल्याचं काम सोडू नका. मी त्यासाठी रुसणार नाही, आणि आत्याबाईंना मी सांभाळते आहे, पुढंही सांभाळेन.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होते, तर त्या विचारून राहिल्या आहेत की शनिवारच्या मोटारीनं येता की रविवारच्या. त्या दिवशी वांग्याचं भरीत करायचं म्हणतात, तुम्हाला आवडतं म्हणून. मी म्हटलं, करू की, पण सगळ्या पंगतीला.

मंजुळा